चपळ कार्यपद्धती आणि पुरवठादाराची साथ

मोठ्या कामाचा संपूर्ण आराखडा आरंभीच निश्चित करावयाचा आणि त्याचे फलित वर्ष-दोन वर्षांनी पाहावयाचे, ही उद्योगांची रूढ पद्धत. दरम्यान ग्राहकाची गरज बदलली, तर सारे श्रम वाया जातात. यावर उपाय म्हणून फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञांनी ‘अ‍ॅजाइल’, म्हणजेच चपळ कार्यपद्धतीची तत्त्वे मांडली. काम लहान टप्प्यांत विभागावे, प्रत्येक टप्प्याचे फलित ग्राहकास दाखवावे आणि त्याच्या अभिप्रायानुसार पुढील दिशा ठरवावी, हे तिचे सार होय.

अनेक ठिकाणी मात्र ही चपळता कारखान्याच्या फाटकापाशीच थांबते. आतील विभाग दर पंधरवड्यास आढावा घेतात. पुरवठादाराकडून किरकोळ बदल हवा असल्यास मात्र नवे दरपत्रक, नवी मंजुरी, नवा खरेदी आदेश! जोडीतला एक बैल अडला, तर गाडी पुढे कशी सरकणार?

या संदर्भात जपानमधील एक घटना उद्बोधक आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्यास आग लागली. टोयोटाच्या मोटारींच्या ब्रेकमध्ये बसणारी एक लहानशी झडप जवळजवळ सर्वस्वी तेथेच तयार होत असे आणि तिचा साठा अत्यल्प होता. टोयोटाचे उत्पादन ठप्प झाले. तेव्हा आयसिनने आपले आराखडे इतरांसाठी खुले केले. दराची बोलणी होण्याची वाट न पाहता अनेक लहान-मोठे उद्योग कामास लागले. त्यांत शिलाई यंत्रे बनविणारी ब्रदर ही कंपनीही होती. काही दिवसांतच उत्पादन पुन्हा सुरू झाले. एकाच पुरवठादारावर विसंबण्यातील धोका या आगीने दाखविला. वर्षानुवर्षे जोपासलेल्या विश्वासाचे मोलही दाखविले.

हा विश्वास शब्दांनी नव्हे, वेळेवर मिळणाऱ्या पैशाने दृढ होतो. भारतातील सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादारास लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, अन्यथा १५ दिवसांत रक्कम देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. खरेदीदाराने मान्य केलेल्या देयकावर ‘ट्रेड्स’ या इलेक्ट्रॉनिक मंचावर बँका बोली लावतात आणि पुरवठादारास मुदतीपूर्वीच रक्कम मिळू शकते.

म्हणून पुरवठादाराशी करार करताना तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात : काम लहान टप्प्यांचे असावे, प्रत्येक टप्प्याचा आढावा उभयतांनी एकत्र घ्यावा आणि मान्य झालेल्या टप्प्याचे पैसे त्याच वेळी चुकते करावेत. खेळते भांडवल अडकून पडलेल्या लघुउद्योजकाकडून चपळतेची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.