एकच कॉम्प्युटर, तीन आवाज: काउंटरवरचा गोंधळ असा थांबवा



दुकानाच्या स्पीकरवर गाणी चालू आहेत, बिलिंग सॉफ्टवेअरची टिंग वाजतेय आणि तेवढ्यात होलसेलरचा व्हिडिओ कॉल येतो. तो सांगतो, "शेठ, तुम्हाला हा माल एकशेवीसला पडेल." हे स्पीकरवरून समोर उभ्या गिऱ्हाइकाने ऐकलं, तर तुम्ही दोनशे कसे मागणार? म्हणून कोणता आवाज कुठून निघणार, हे आपण ठरवायचं. व्हिडिओत दाखवलेल्या पायऱ्या इथे क्रमाने देतोय.

आधी मूळ गोष्ट समजून घ्या

विंडोज सगळ्या अ‍ॅप्सचे आवाज एकत्र मिसळून एका डिव्हाइसकडे पाठवतं. म्हणजे एका वेळी अनेक आवाज वाजणं हा बिघाड नाही, ती सोयच आहे. आपल्याला फक्त वाटणी करायची आहे.

पायरी १: यूएसबी हेडसेट घ्या

पुढच्या जॅकमध्ये हेडफोन लावला की बऱ्याच पीसीवर मागचे स्पीकर बंद पडतात. यूएसबी हेडसेट मात्र विंडोजला वेगळं डिव्हाइस म्हणून दिसतो. मग स्पीकर आणि हेडसेट, दोन्ही एकाच वेळी चालतात.

पायरी २: वाटणी करा

उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करा आणि व्हॉल्यूम मिक्सर उघडा. विंडोज ११ मध्ये तिथे प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा आवाज आणि वेगळं आउटपुट डिव्हाइस निवडता येतं. विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड इथे जाऊन 'अ‍ॅप व्हॉल्यूम अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस' उघडा. गाणी आणि बिलिंग स्पीकरला द्या, कॉल हेडसेटला. अ‍ॅप यादीत दिसत नसेल तर आधी त्यात काहीतरी वाजवा, मग बघा. झूमसारख्या अ‍ॅपमध्ये स्पीकर निवडायची स्वतःची सेटिंग असते. तिथेही हेडसेटच निवडा.

पायरी ३: कॉल आला की गाणी हळू होतात?

ही विंडोजचीच करामत. कॉल चालू आहे असं वाटलं की ते बाकीचे आवाज ८० टक्के कमी करतं. कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड उघडा, कम्युनिकेशन्स टॅबवर जा आणि 'डू नथिंग' निवडा.

पायरी ४: एक अ‍ॅप चालू, बाकी सगळी मुकी?

रेकॉर्डिंगची काही सॉफ्टवेअर डिव्हाइसचा पूर्ण ताबा घेतात. त्याच साउंड खिडकीत स्पीकरवर डबल क्लिक करा, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये 'एक्सक्लुझिव्ह कंट्रोल'ची टिक काढा.

ब्राउझरवाल्यांसाठी

क्रोममधले सगळे टॅब मिक्सरमध्ये साधारणपणे एकच अ‍ॅप म्हणून येतात. म्हणून गाणी एजमध्ये लावा आणि मीटिंग क्रोममध्ये घ्या. झाली वाटणी!

आणि हो, गिऱ्हाइकांसाठी दुकानात रेकॉर्डेड गाणी वाजवायची तर हक्कधारकांचा परवाना लागतो. त्याची चौकशी आधीच करून ठेवा.

आजचा गृहपाठ: दुकान उघडायच्या आधी गाणं लावा, एक बिल बनवा आणि घरच्यांना व्हिडिओ कॉल करा. कॉलमधलं बोलणं फक्त तुमच्या कानात आलं, तर सेटिंग बरोबर. स्पीकरवर आलं, तर पायरी २ पुन्हा तपासा. ही परीक्षा गिऱ्हाईक यायच्या आधी द्या, गिऱ्हाइकासमोर नको!