साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज हसत वापरतो. परंतु ती खरी नाही. साठी उलटलेल्या भारतीयांपैकी शेकडा सुमारे सात जणांना, म्हणजे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. बाकीच्यांची बुद्धी साठीने नाठत नाही! स्मृतिभ्रंश हे वार्धक्य नव्हे, मेंदूचा विकार होय. त्याचा मुख्य प्रकार जर्मन वैद्य अलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम वर्णिला.

आजोबा जेवून उठताच पुन्हा ताट मागू लागले, किंवा नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकले, तर ‘वयच झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांस दाखवावे. थायरॉइडची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची खिन्नता यांमुळे आलेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते. मूळ विकार बरा होत नसला, तरी योग्य शुश्रूषेने रोग्याचे दिवस सुसह्य होतात. त्यांच्याशी वाद घालू नये, दिनक्रम बदलू नये, खिशात नावपत्त्याची चिठ्ठी ठेवावी. वृद्धांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनीही आहे.

आणि शुश्रूषा करणाऱ्या सुनेला वा लेकीला विसावा कोण देणार? विद्यार्थी मित्रहो, शेजारच्या अशा आजोबांजवळ रोज तासभर बसणे तुम्हांस अवघड आहे काय? आम्हांस तरी तसे वाटत नाही.