नंदी पुढं, पोर मागं

सौसर-पांढुर्णा पट्ट्यात मी वर्षानुवर्षं शाळेत शिकवलं. स्टेजचं नाव काढलं की पोट दुखणारी पुष्कळ पोरं पाहिली. त्यांनीच शिकवलेलं हे थोडंसं.

1. भेव नेमकं कशाचं, ते आधी विचारा. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचे तालुके मध्य प्रदेशातच राहिले. त्यामुळे घरी मराठी, शाळेत हिंदी. शनिवारच्या बालसभेत दाराआड लपणाऱ्या एका मुलीला मी लाजरी समजत होते. एक दिवस कानाशी येऊन म्हणाली, "बाई, मी 'मेरा किताब' म्हटलं त सारे हासले." पुढच्या शनिवारी तिला मराठीत कोडी घालायला सांगितलं. आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला!

2. हातात काहीतरी द्या. तान्ह्या पोळ्याला बुजरी पोरंही लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. का? लोक नंदीकडे बघतात, पोराकडे नाही. म्हणून भाषणाआधी चित्र धरायला द्या, नाचाआधी ढोलकी द्या.

3. ढकलू नका. "एकदा चढला की भीती मोडते" म्हणत मी एका पोराला स्टेजवर लोटलं होतं. तो रडत पळाला आणि चार दिवस शाळेत आला नाही. ती चूक माझीच.

4. पण सोडूनही देऊ नका. दर वेळी सुटका झाली की त्या घटकेला बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते. म्हणून पायऱ्या करा: आधी पडदा ओढणं, मग घोळक्यात गाणं, मग एकच वाक्य. "नको वाटलं तर मला खूण कर," एवढं सांगून ठेवलं की बहुतेक पोरं खूण करतच नाहीत.

5. घरी नंबर विचारू नका. "कितवा आलास?" ऐवजी "मजा कशात आली?" विचारा. मात्र झोप उडाली, उलट्या होऊ लागल्या, शाळाच नको झाली, तर डॉक्टरांना दाखवा. मनाच्या तक्रारींसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबरही आहे.

त्या कोड्यांच्या मुलीनं पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनात पडदा ओढला. तिसऱ्या वर्षी हिंदीतून सूत्रसंचालन केलं. मध्येच 'मेरा' म्हणून अडखळली, स्वतःच हसली आणि पुढचं नाव पुकारलं.