मार्कंड्याची देवळं

सौंदडहून नवेगावबांधचं तळं पाहायला पुष्कळ जण जातात. एकदा सवड काढून मार्कंड्यालाही जाऊन यावं. सौंदडला बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसावं आणि मूलला उतरावं. पुढे चामोर्शीवरून मार्कंड्याला रस्ता जातो.

मार्कंडा हे वैनगंगेच्या काठचं गाव. वैनगंगा एरवी दक्षिणेकडे वाहते. इथे मात्र ती उत्तरेकडे वळते. म्हणून ही जागा फार पवित्र मानतात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते.

इथली देवळं सुमारे हजार वर्षांपूर्वीची आहेत. भिंतींवर देवदेवतांच्या मूर्तींच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. अठराव्या शतकात मुख्य देवळावर वीज पडली आणि शिखर मोडलं. विजेपुढे कुणाचा इलाज चालत नाही. पण माणसाच्या हाताला आवर घालता येतो.

अक्षर शिकलं की दिसेल तिथे आपलं नाव लिहावंसं वाटतं. हे साहजिकच आहे. नाव वहीत लिहा, अर्जावर लिहा. देवळाच्या दगडावर मात्र खिळ्याने किंवा कोळशाने लिहू नका. मार्कंड्याची देवळं सरकारने संरक्षित केली आहेत. अशा देवळाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्याने २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

देवळाजवळ पुरातत्त्व खात्याचा फलक दिसला की थांबा. तो मोठ्याने वाचा. सोबत कुणी निरक्षर असेल, तर त्यालाही ऐकू द्या.

प्रश्न
१. मार्कंड्याजवळ वैनगंगा कोणत्या दिशेला वाहते?
२. मुख्य देवळाचं शिखर कशाने मोडलं?
३. आपलं नाव कुठे लिहावं? कुठे लिहू नये?