राख सोमवारी की बुधवारी?



भस्म बुधवारच्या मिस्सेनंतर एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारले, "फादर, आमच्या शेजारची केरळची नर्स सोमवारीच कपाळाला राख लावून आली. ती कॅथलिकच ना?" प्रश्नामागे काळजी होती. ही मुलगी मावशींना सून म्हणून पसंत पडली होती.

होय, ती कॅथलिकच. ती सिरो-मलबार उपासनाविधीची आहे आणि त्या विधीत प्रायश्चित्तकाळ सोमवारीच सुरू होतो. पोप तेच, सात संस्कार तेच.

रोमची रीत म्हणजेच कॅथलिक रीत, अशी आपली समजूत असते. पण मध्ययुगात खुद्द युरोपातही प्रदेशाप्रदेशाची रीत वेगळी होती. इटलीतील मिलान शहरात संत आंब्रोज यांच्या नावाचा विधी आजही चालतो. तिथे भस्म बुधवार नाही. प्रायश्चित्तकाळ पुढच्या रविवारी सुरू होतो. आगमनकाळ चार नव्हे, सहा आठवड्यांचा असतो. चौथ्या शतकात रोममध्ये शनिवारी उपवास करीत, मिलानमध्ये करीत नसत. संत मोनिका गोंधळात पडल्या, तेव्हा त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन यांनी आंब्रोज यांनाच विचारले. त्यांनी सांगितले की, आपण रोमला गेलो की उपवास करतो, मिलानला असलो की करीत नाही. ज्या गावी जाल तिथली रीत पाळा.

सगळीकडे इतका समजूतदारपणा नव्हता. स्पेनचा जुना विधी अकराव्या शतकात राजा सहावा अल्फोन्सो आणि रोम यांनी मिळून बंद केला. तोलेदो शहरातील काही धर्मग्रामांनी तो टिकवला, म्हणून १५०० साली कार्डिनल सिस्नेरोस त्याचा मिस्साग्रंथ छापू शकले. १५७० मध्ये पोप पाचवे पायस यांनी रोमन मिस्साग्रंथ लागू केला, तरी दोनशे वर्षांहून जुन्या विधींना त्यांनी मुभा दिली.

केरळच्या संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांना मात्र असा मान मिळाला नाही. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून त्यांच्या सिरियाक उपासनेत फेरफार केले. १६५३ मध्ये तेथील ख्रिस्तसभेत फूट पडली. हे आपल्याच रोमन विधीच्या लोकांनी केले, हे कबूल करायला हवे.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये सर्व विधी समान मानाचे ठरवले. पुढे सिरो-मलबार लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत झाला आणि २०१५ मध्ये सिरो-मलंकरा लोकांना आपल्या पुण्यातच, खडकी येथे, स्वतंत्र धर्मक्षेत्र मिळाले. त्यांच्या चर्चमध्ये मिस्सेला गेलात तरी रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. मल्याळम कळली नाही तरी!

मावशींना मी सांगितले, हा मिश्र विवाह नव्हे. मात्र दोघांनीही आपापल्या धर्मगुरूंना वेळेत भेटावे.