रांग, भाकरी आणि मिकी

प्रश्न : मुलगा ऑस्टिनला असतो. मे महिन्यात आम्ही गेलो की सगळ्यांना ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड दाखवायचं त्याच्या मनात आहे. नातू नऊ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. गर्दीत तो कानांवर हात ठेवून खालीच बसतो. माझे दोन्ही गुडघे गेलेत, शिवाय सीलिॲकमुळे गहू बंद. तिथे म्हणे आजारी माणसाला रांग लावावी लागत नाही. खरं का? आणि मी भाकरी बांधून नेली तर आत सोडतील का?
– एक आजी, सांगली

उत्तर : काकू, सोपं आधी सांगतो. भाकरी खुशाल न्या. डिस्नेच्या पार्कात स्वतःचं खाणं नेता येतं. आपल्याकडे गेटवर डबा काढून घेण्याची इतकी सवय झाली आहे की पर्सच्या तळाशी दशमी लपवणं हा आपला कौटुंबिक उद्योगच झाला आहे. तिथे लपवायचं कारण नाही. पिशवी तपासतील तेव्हा खाण्याचे डबे वेगळे काढून दाखवा, म्हणजे झालं.

आता रांगेचं. पूर्वी तिथे अपंग पाहुण्यांसाठी एक कार्ड मिळे आणि ते दाखवलं की बऱ्याचदा वेगळ्या दारानं पटकन आत जाता येई. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं बातमी दिली, की काही श्रीमंत कुटुंबं तासाला १३० डॉलर मोजून अपंग वाटाड्या भाड्यानं घेतात आणि त्याच्या कार्डावर सगळी फौज रांग ओलांडून जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते कार्ड बंद झालं आणि ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस’ सुरू झाली. तिचं लघुरूप ‘डास’. नावावर जाऊ नका, उपयोगाची आहे.

यात वाट पाहणं टळत नाही, रांगेत उभं राहणं टळतं. समजा एखाद्या राइडला पन्नास मिनिटं लागताहेत, तर तुम्हाला साधारण तेवढ्याच वेळानंतरची वेळ देतात. तोवर नातवाला सावलीत बसवा, खायला घाला, चक्कर मारून आणा. वेळ झाली की धाकट्या रांगेतून आत. एक अट मात्र पक्की : ज्याच्या नावानं सोय घेतली, त्यानं स्वतः राइडमध्ये बसायला हवं. नातू ऐन वेळी ‘नको’ म्हणाला, तर त्यासाठी ‘रायडर स्विच’ वेगळा आहे. एक मोठं माणूस त्याच्याजवळ थांबतं, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेल्यानं पुन्हा सगळी रांग न लावता जायचं.

२०२४ पासून नियम आणखी आवळले आहेत. ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबता येत नाही, त्यांच्यासाठीच ही सोय, असं डिस्ने आता स्पष्ट म्हणतं. त्यासाठी व्हिडिओवर मुलाखत होते. ती घरूनच, जाण्याआधी उरकून घ्या आणि नातवाला शेजारी बसवा. इथे आपली माणसं हमखास चुकतात. फाइल घेऊन बसतात, निदानाचं नाव सांगतात आणि गप्प होतात. तिथे नावापेक्षा अडचण ऐकायची असते. रांगेत दहाव्या मिनिटाला काय होतं, मागून धक्का लागला की तो काय करतो, शांत व्हायला किती वेळ लागतो, हे मुलानं आणि सुनेनं जसंच्या तसं सांगावं. तिखटमीठ लावू नये. खोटं उघडकीला आलं तर कायमची प्रवेशबंदी आहे.

तुमच्या गुडघ्यांना डास मिळेलसं वाटत नाही. व्हीलचेअर मात्र दाराशीच भाड्यानं मिळते आणि बहुतेक रांगांमधून ती जाते. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या काही होड्यांत आणि किलिमांजारो सफारीच्या गाडीत तर खुर्चीतून न उतरताच बसता येतं. ‘मी काय म्हातारी झाले का’ असं म्हणून चालत सुटू नका. ते पार्क सांगलीच्या गणपती मंदिराभोवतीच्या प्रदक्षिणेएवढं नाही.

गव्हाबद्दल दोन गोष्टी. हॉटेलात नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका. त्यात अंडं चालतं आणि गव्हाचा तर प्रश्नच वेगळा. ‘सीलिॲक’ हाच शब्द वापरा. डिस्नेच्या बहुतेक उपाहारगृहांत ॲलर्जीसाठी वेगळा मेनू असतो, मागितल्यास जाणकार माणूस टेबलाशी येऊन बोलतो. फ्रेंच फ्राइज बटाट्याचेच असले तरी त्याच तेलात आणखी काय काय तळतात, ते विचारा. आणि घरून नेताना आपल्याच डब्यावर नजर ठेवा. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं आणि थालिपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरांत गहू पडतो. ज्वारीचं पीठ इथून ओढत नेऊ नका, ऑस्टिनच्या भारतीय दुकानात मिळेल.

न विचारता एक सुचवतो. ऑस्टिनहून गाडीनं दीडेक तासावर सॅन अँटोनिओला ‘मॉर्गन्स वंडरलँड’ आहे. गॉर्डन हार्टमन यांच्या मुलीला, मॉर्गनला, सहलीत जलतरण तलावावरच्या मुलांशी खेळायचं होतं. ती जवळ गेली तशी मुलं निघून गेली. त्यातून २०१० मध्ये हे पार्क उभं राहिलं. इथे व्हीलचेअरसकट झोका घेता येतो, आणि शेजारच्या पाण्याच्या पार्कात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, भिजल्या तरी न बिघडणाऱ्या खुर्च्या आहेत. अपंग पाहुण्यांना तिकीट नाही. माझं ऐकाल तर नातवाला आधी इथे न्या. त्याला काय झेपतं ते कळेल, मग ऑर्लँडोचा खर्च करा.

आणि हो, लोणचं प्लास्टिकच्या डब्यात भरा. काचेची बरणी डिस्नेच्या गेटमधून आत जात नाही.