घटक ६ : भाषिक सामग्रीची वगळसूची

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण 'गिट' या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची ओळख करून घेतली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ती तयार केली. फाइलमध्ये कोणता बदल झाला, तो कोणी व केव्हा केला, याची अखंड नोंद ती ठेवते. (शासकीय व्यवहारात 'नस्ती' हा शब्द रूढ आहे, परंतु तो कागदांच्या गठ्ठ्याला चिकटलेला असल्याने येथे 'फाइल' हाच शब्द स्वीकारला आहे.) प्रस्तुत घटकात या प्रणालीने काय नोंदवू नये, हे तिला कसे सांगावयाचे, याचा विचार करावयाचा आहे.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अपरिचित नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली भर घालू नये, असे बजावले. गाळलेले पाठ कोणते व ते का गाळले, याची नोंद मात्र त्या प्रतीसोबत आपल्यापर्यंत आलेली नाही. वगळणे हा संपादकीय निर्णय असतो. वगळसूचीत तो लिहून ठेवावा लागतो आणि म्हणूनच तो इतरांना तपासता येतो.

६.२ कच्चे कोणते, पक्के कोणते?

समजा, लातूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा एक गट औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करीत आहे. नांदेड जिल्ह्यातील दुसरा गट देगलूर-बिलोली भागात, तेलुगूच्या शेजारी बोलल्या जाणाऱ्या मराठीचे नमुने घेत आहे. दोन्ही गटांचे काम एकाच भांडारात जमा होते. त्यात पाच फोल्डर आहेत : ध्वनी, प्रतिलेखन-कच्चे, प्रतिलेखन-प्रमाण, संमतीपत्रे आणि छपाई.

नवख्या विद्यार्थ्याची दृष्टी प्रथम 'कच्चे' या शब्दावर जाते आणि तो फोल्डर वगळावा असे त्याला वाटते. भाषाभ्यासाच्या दृष्टीने हे नेमके उलटे आहे. निवेदक उदगीरकडचा असेल आणि 'करूलालो' म्हणाला असेल, तर तसेच लिहिलेले प्रतिलेखन हाच आपला पुरावा आहे. 'करीत आहे' असे प्रमाणरूप देऊन केलेली प्रत वाचायला सोयीची असते, पण तिच्यावरून मूळ रूप परत मिळत नाही. छपाईसाठी बनवलेली पीडीएफ मात्र मजकुरावरून केव्हाही पुन्हा तयार करता येते. तेव्हा कसोटी अशी : जे पुन्हा निर्माण करता येते ते वगळावे, जे येत नाही ते नोंदीत तरी घ्यावे, नाहीतर अन्यत्र सुरक्षित ठेवावे. खासगी मजकूर हा तिसरा वर्ग आहे. त्याचा विचार ६.५ मध्ये येईल.

६.३ सूची कशी लिहावी?

भांडाराच्या मुख्य फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल तयार करावी. तिचे नाव रोमन लिपीत, आधी टिंब व त्याला जोडून 'गिटइग्नोर' असे असते. प्रत्येक ओळीवर एक नियम येतो. आपल्या उदाहरणातील सूची अशी होईल :

# पुन्हा बनवता येणाऱ्या प्रती
/छपाई/
~$*
# भांडाराबाहेर जतन केलेले
/ध्वनी/*
!/ध्वनी/सूची*
# खासगी
/संमतीपत्रे/

'#' ने सुरू होणारी ओळ ही टीप असते. प्रणाली ती वाचत नाही, परंतु सहकारी वाचतात, म्हणून कारण तेथेच लिहावे. आरंभीची तिरकी रेघ 'याच ठिकाणचे' असा अर्थ देते. ती गाळून नुसते 'छपाई/' लिहिले, तर आतल्या कोणत्याही स्तरावरचा 'छपाई' फोल्डर वगळला जाईल. शेवटची तिरकी रेघ नियम केवळ फोल्डरपुरता ठेवते. तारांकित चिन्ह म्हणजे कोणतीही अक्षरे. 'वर्ड'मध्ये फाइल उघडी असताना '~$' ने सुरू होणारी जी तात्पुरती फाइल दिसते, ती त्या नियमाने वगळली जाते. उद्गारचिन्ह अपवाद सांगते. एकाच फाइलला अनेक नियम लागू पडत असतील, तर शेवटचा ग्राह्य धरला जातो.

येथे एक खोच आहे. '/ध्वनी/' असा संपूर्ण फोल्डरच वगळला, तर प्रणाली आत पाहतच नाही आणि पुढील अपवाद निष्फळ ठरतो. म्हणून '/ध्वनी/*' असे, आतील वस्तूंना उद्देशून लिहावे लागते.

६.४ देवनागरी नावांची अडचण

हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही. मराठी अभ्यासकाला मात्र तो पहिल्याच आठवड्यात भेटतो. समजा, सूचीत 'दुसऱ्या-प्रती/' असा नियम आहे आणि तरीही तो फोल्डर नोंदीत येत आहे. डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात. परंतु 'ऱ्या' मधील रफार-सदृश अर्धा 'र' संगणकावर दोन प्रकारे घडतो : 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या क्रमाने. कोणता प्रकार येईल, हे टंकनाच्या कळफलकावर अवलंबून असते. गिट नावांची तुलना दृश्य आकारावरून करीत नाही. साठवलेल्या संकेतांवरून करते. त्यामुळे दोन्ही नावे तिच्या लेखी भिन्न ठरतात. उपाय साधा आहे. नाव पुन्हा टंकित न करता फोल्डरवरून उचलून सूचीत चिकटवावे; किंवा फोल्डरच्या नावांत असा 'र' येऊच देऊ नये.

प्रश्नचिन्हाचा नियमही असाच फसवा आहे. ते 'कोणतेही एक अक्षर' दर्शवते असे सांगितले जाते. परंतु यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात आणि गिट बाइट मोजते. तेव्हा मराठी नावांसाठी तारांकित चिन्हच वापरावे. नियम लागू पडतो की नाही, याची शंका आल्यास 'चेक-इग्नोर' ही आज्ञा कोणत्या ओळीमुळे फाइल वगळली गेली ते दाखवते. मराठी नावांच्या जागी आकड्यांची माळ दिसू लागली, तर 'कोटपाथ' ही मांडणी बंद करावी.

६.५ सूचीच्या मर्यादा

वगळलेली फाइल जतन होत नाही. किंबहुना गिट तिला टाकाऊ समजते; शाखा बदलताना त्याच नावाची नोंदीतील फाइल आली, तर वगळलेली फाइल न विचारता पुसली जाऊ शकते. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत हे गंभीर आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकमार्गी अशा मुद्रणाचा एक तास सुमारे ३१७ एमबी होतो आणि 'गिटहब'वर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारली जात नाही. म्हणून ध्वनी वगळणे भाग पडते. पण किल्लारीच्या ज्या वृद्धेने ती पहाट सांगितली, ती पुन्हा तशीच सांगेल, हे गृहीत धरता येत नाही. ध्वनीच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. भांडारात केवळ 'सूची' ही फाइल नोंदवावी व तीत प्रत्येक मुद्रणाचा क्रमांक, कालावधी आणि पडताळणी-अंक लिहावा.

दुसरी मर्यादा अधिक वेळा नडते. नियम फक्त अद्याप न नोंदलेल्या फाइलींना लागू होतो. संमतीपत्रे आधीच नोंदीत गेली असतील, तर नंतर लिहिलेल्या नियमाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. 'आरएम' या आज्ञेला 'कॅश्ड' हा पर्याय जोडल्यास फाइल डिस्कवर राहून पुढील नोंदीतून बाहेर पडते. पण जुन्या नोंदींत ती तशीच असते. इतिहास पुन्हा लिहिता येतो, तथापि सहकाऱ्यांच्या संगणकांवर गेलेल्या प्रतींवर आपला अधिकार चालत नाही. निवेदकाचे नाव, गाव, दूरध्वनी आणि भूकंपात गमावलेल्या आप्तांची नावे सार्वजनिक भांडारात एकदा गेली, की ती उघड झाली असेच समजून निवेदकाला तसे कळवावे. यास्तव वगळसूची ही भांडारातील पहिली नोंद असावी.

आणखी एक बाब. सूची स्वतः भांडारात सर्वांना दिसते. तीत एखाद्या निवेदकाच्या नावाची फाइल वगळण्याचा नियम लिहिला, तर जे लपवावयाचे तेच प्रसिद्ध होते. असे नियम 'इन्फो' फोल्डरातील 'एक्सक्लूड' या फाइलमध्ये लिहावेत. ती आपल्याच संगणकावर राहते.

६.६ स्वाध्याय

१. '/ध्वनी/*' आणि '/ध्वनी/' या दोन नियमांतील भेद 'सूची' या फाइलच्या संदर्भात स्पष्ट करा.

२. आपल्या गावातील एका व्यक्तीचे पाच मिनिटांचे बोलणे, तिच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करा. त्यातून तयार होणाऱ्या सर्व फाइलींची यादी करून प्रत्येक फाइल नोंदवावी की वगळावी, हे कारणासह लिहा. वगळलेल्या फाइलींपैकी ज्या पुन्हा बनवता येणार नाहीत, त्या कोठे ठेवल्या तेही नमूद करा.